मायलेज रेग्युलेटरच्या स्क्रूत नसते

गाडीत दुसरे इंजिन बसवले, ते सुरू झाले, गाडी रस्त्यावर आली आणि दोन-तीन टाक्या संपेपर्यंत मालकाच्या लक्षात आले की पेट्रोल अपेक्षेपेक्षा बरेच जास्त जाते आहे. अशा वेळी हात हमखास जातो तो फ्युएल प्रेशर रेग्युलेटरकडे. त्याला एक स्क्रू असतो, शेजारी गेज असतो, पाना फिरवला की काटा हलतो आणि काहीतरी केल्याचे समाधान तत्काळ मिळते. तर्कही वरवर बिनतोड दिसतो: दाब उतरवला की पेट्रोल कमी जाणार, पेट्रोल कमी गेले की मायलेज वाढणार. पण कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजिनाला हा तर्क लागू पडत नाही. तिथे इंधनाचा दाब हा कॉम्प्युटरने आपल्या हिशेबात आधीच गृहीत धरलेला आकडा असतो. तो आकडा खरा ठेवायचा, एवढेच बसवणाऱ्याचे काम. मायलेज कमावले किंवा गमावले जाते ते दुसरीकडे.

इंजिन बदलण्याचा छंद जिथे सर्वाधिक फोफावला त्या अमेरिकेतले उदाहरण घेऊ. जनरल मोटर्सने १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये एलएस घराण्याचे पहिले व्ही-आठ इंजिन आणले आणि १९९९ पासून त्याच घराण्यातली ४.८, ५.३ आणि ६ लिटरची इंजिने पिकअप ट्रकमध्ये येऊ लागली. भंगारात गेलेल्या ट्रकमधून ही इंजिने स्वस्तात मिळतात, म्हणून जुन्या शेवरोले पिकअपमध्ये ती सर्रास चढवली जातात. आता १९८७ ते १९९५ च्या शेवरोले पिकअपमध्ये थ्रॉटल बॉडी इंजेक्शन होते. त्याला साधारण ९ ते १३ पीएसआय दाब पुरतो. त्याच्याही आधीच्या कार्ब्युरेटरला ४ ते ७ पीएसआय. एलएसला मात्र ५८ पीएसआय, म्हणजे सुमारे ४०० किलोपास्कल लागतात. जुना पंप तसाच ठेवला तर इंजिन धड चालतच नाही, त्यामुळे पंप बदलावा लागतो. दाब ‘लावण्याचा’ प्रश्न इथून सुरू होतो.

इंजेक्टर ही विजेवर उघडणारी बारीक झडप आहे. ती किती पेट्रोल सोडते ते कॉम्प्युटर मोजत नाही. ती किती मिलिसेकंद उघडी ठेवायची एवढेच तो ठरवतो. रॉकेलवाल्याने माप बाजूला ठेवून नळ किती सेकंद सोडला यावरून लिटर मोजावेत, तसा हा कारभार. नळामागचा दाब ठरलेला असेल तरच तो हिशेब जमतो. शिवाय प्रवाह दाबाच्या प्रमाणात नव्हे, तर दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. दाब ५८ वरून ५२ पीएसआयवर आणला, म्हणजे दहा टक्क्यांहून थोडा अधिक उतरवला, तर प्रवाह जेमतेम पाच टक्क्यांनी घटतो. आणि ही पाच टक्क्यांची बचतही टिकत नाही. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण लीन झाल्याचे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडल्याचे, सांगतो, कॉम्प्युटर झडप पाच-सहा टक्के जास्त वेळ उघडी ठेवतो आणि हवा-इंधनाचे प्रमाण पुन्हा शुद्ध पेट्रोलच्या १४.७ ला एक या गुणोत्तरावर येऊन बसते. स्कॅनर लावला तर ही भरपाई ‘फ्युएल ट्रिम’ या नावाखाली टक्क्यांत दिसते. स्क्रू फिरवणाऱ्याने जे काढून घेतले ते कॉम्प्युटरने परत केलेले असते.

दाब नेमका कशाच्या तुलनेत मोजायचा, इथे जाणकारही घसरतात. झडपेच्या एका बाजूला पेट्रोलचा दाब असतो, दुसऱ्या बाजूला इनटेक मॅनिफोल्ड. इंजिन आयडलवर असताना मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो. आतला दाब वातावरणापेक्षा सुमारे ६५ किलोपास्कलने कमी भरतो. म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलवर काटा ४०० दाखवत असला तरी झडपेला प्रत्यक्ष फरक मिळतो ४६५ चा. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर तो पुन्हा ४०० वर येतो. वर्गमूळ काढले तर एकाच काट्यावर आयडलला सुमारे आठ टक्के जास्त पेट्रोल जाते. यावर दोन तोडगे आहेत. एका प्रकारच्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डकडून निर्वाताची नळी जोडलेली असते आणि तो आयडलला दाब आपणहून उतरवतो. दुसरा प्रकार कॉर्व्हेटचा: फिल्टर आणि रेग्युलेटर एकाच डबीत, टाकीच्या बाजूला दोन तोंडे आणि इंजिनाच्या बाजूला एक. त्याला निर्वाताची नळी नाही, दाब कायम ५८. परतीची नळी टाकीपाशीच संपत असल्याने ही डबी इंजिन बदलणाऱ्यांची लाडकी आहे. पण दाब कायम ठेवणाऱ्या गाडीच्या कॉम्प्युटरमधला इंजेक्टरच्या प्रवाहाचा तक्ता निर्वाताप्रमाणे चढत जाणारा असतो, नळीवाल्या गाडीचा तक्ता सपाट. डबी एका गाडीची आणि तक्ता दुसऱ्या गाडीचा, अशी जोडी जमली की गेजवर ५८ अगदी बरोबर दिसत असूनही हिशेब आठ टक्क्यांनी चुकतो. सेन्सर ती चूक निस्तरतो, पण गारठ्यात इंजिन सुरू होताना सेन्सर अजून तापलेला नसतो. तेव्हाचे जादा पेट्रोल धुरातून जाते. यावर उपाय स्क्रू नव्हे; तक्ता बदलणे हा आहे.

कॉम्प्युटरची भरपाई खरोखर इतकी चोख असते का, ही शंका रास्त आहे. टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये याच स्वरूपाचा एक जुना समज तपासला. तुंबलेल्या एअर फिल्टरमुळे मायलेज पडते, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात होते. आधुनिक इंजेक्शन गाड्यांवरच्या चाचण्यांत मायलेजमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. वेग घेण्याची ताकद तेवढी घटली. हवा कमी आली तर कॉम्प्युटर पेट्रोलही त्या मानाने कमी सोडतो, हेच त्याचे कारण. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मायलेज वाढवून देणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून अधिक उपकरणे तपासली, त्यांतही लक्षणीय फायदा देणारे एकही निघाले नाही.

याहून वजनदार आक्षेप असा: लीन मिश्रणाने इंधन वाचते हे तर विज्ञानच सांगते. खरे आहे. १९९२ ची होंडा सिव्हिक व्हीएक्स हलक्या भारावर २० ला एकच्याही पलीकडचे मिश्रण जाळत असे आणि तिचे मायलेज नावाजलेले होते. पण त्यासाठी होंडाने कमी वेगावर एक इनटेक व्हॉल्व्ह जवळपास बंद ठेवून सिलिंडरमध्ये भोवरा निर्माण केला, लीन मिश्रणही अचूक मोजणारा वेगळा सेन्सर बसवला आणि कॉम्प्युटरला ते सारे शिकवले. दाब उतरवून यातले काहीच साधत नाही. उलट फवारा जाड होतो. पेट्रोलचे थेंब मोठे राहिले की ते नीट जळत नाहीत. पूर्ण ॲक्सिलरेटरवर तर कॉम्प्युटर सेन्सरचे न ऐकता तक्त्यावरच चालतो. तिथे मिश्रण लीन झाले की इंजिन ‘नॉक’ करते, आणि पिस्टनची किंमत वाचवलेल्या पेट्रोलपेक्षा किती तरी जास्त असते.

‘आमच्या गाडीत दाब नीट केल्यावर मायलेज वाढलेच की’ असे सांगणारेही खोटे बोलत नसतात. दाब मुळात बिघडलेला असेल तर तो दुरुस्त केल्याचा फायदा होणारच. निर्वाताच्या नळीवाल्या रेग्युलेटरमधला पडदा फाटला की पेट्रोल त्या नळीतून थेट मॅनिफोल्डमध्ये ओढले जाते. नळी काढून वास घेतला की निदान होते. पंपाची वायर बारीक असेल तर आयडलला ५८ दाखवणारा काटा चढावर खाली बसतो, म्हणून गेज गाडी भाराखाली असतानाही पाहावा. पण हे आजार बरे करणे झाले, निरोगी इंजिनाचे मायलेज वाढवणे नव्हे.

मग पेट्रोल जाते कुठे? पहिला संशय एक्झॉस्टवर घ्यावा. नव्या इंजिनाला जुना पाइप जुळवताना सेन्सरच्या आधीच्या सांध्यात फट राहिली तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो ‘लीन’ म्हणून ओरडतो आणि कॉम्प्युटर भाबडेपणाने पेट्रोल ओतत राहतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार बिघडलेल्या ऑक्सिजन सेन्सरसारखा गंभीर दोष काढल्यावर मायलेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकते. स्क्रूच्या तीन-चार वळशांत एवढे घबाड कधीच नसते. दुसरा संशय गिअरवर. ताशी १०० किलोमीटरने सपाट रस्त्यावर जायला पिकअपला तीस-पस्तीस अश्वशक्ती पुरते, आणि इंजिन असते पावणेतीनशेच्या आसपास. एवढे मोठे इंजिन हलक्या भारावर जितके जोरात फिरेल तितके पेट्रोल घर्षणात आणि अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्यात वाया जाते. २८ इंची चाके आणि ३.७३ चा एक्सल असेल, तर ओव्हरड्राइव्ह नसलेल्या जुन्या गिअरबॉक्सवर या वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे २,७८० फेरे घेते, ०.७ चा ओव्हरड्राइव्ह मिळाला की १,९५०. तिसरा संशय खुद्द मायलेजच्या आकड्यावर. २६ इंची चाकांसाठी जुळवलेला ओडोमीटर २८ इंची चाकांवर प्रत्यक्षापेक्षा सात टक्के कमी अंतर दाखवतो. गाडी जास्त पीतच नसते, मालक कमी मोजत असतो.

आपल्याकडे इंजिन बदलायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, ती आधी घ्यावी. आणि इथे आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते, ती म्हणजे पंपावरचे ई-२० पेट्रोल. २० टक्के इथेनॉलमुळे लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते आणि योग्य मिश्रणाचे गुणोत्तर १४.७ वरून साडेतेराच्या आसपास उतरते. जुन्या इंजिनाचे मायलेज आठवून नव्याला दोष देताना ही घट आधी वजा करावी. इंजेक्शन इंजिन हा बदल सेन्सरच्या भरवशावर बहुतांशी सांभाळून घेते. कार्ब्युरेटरला सेन्सर नसतो. तो लीन चालू लागतो, आणि मग मेकॅनिक पंपाचा दाब वाढवून पाहतो. पण कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचे माप जेट ठरवतो, दाब फक्त वाटी भरलेली ठेवतो. दाब मर्यादेबाहेर गेला की सुई आपल्या बैठकीवरून उचलली जाते, वाटी ओसंडते आणि इंजिन ‘फ्लड’ होते. तिथे जेट एक नंबर मोठा बसवावा आणि पंपाला हात लावू नये.