मद्यपी वाहनचालक आणि इग्निशन इंटरलॉक : कायद्यातील एक उणीव

प्रस्तावना :
मद्यप्राशन करून वाहन चालविणे हा केवळ वैयक्तिक दुर्वर्तनाचा नव्हे, तर सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न आहे. १२ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईतील कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली चिरडून मृत्युमुखी पडले. चालकाने मद्यप्राशन केल्याचे सिद्ध झाले. त्याची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये कायम केली. शिक्षा झाली, परंतु प्राण परत आले नाहीत. म्हणूनच प्रतिबंधाच्या एका उपायाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भारतीय कायदा :
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मि.लि. रक्तात ३० मि.ग्रॅ. पेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास अपराध ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, तर पुढील अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कलम २० अन्वये दोषी चालकास किमान सहा महिने अपात्र ठरविले जाते. मात्र परवाना काढून घेतला तरी गाडीची किल्ली त्याच्याच खिशात राहते.

यंत्राचे स्वरूप व सक्तीचे निकष :
इग्निशन इंटरलॉकमध्ये चालकास प्रथम फुंकर मारावी लागते. श्वासातील मद्यार्क ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असल्यास इंजिन सुरू होत नाही. प्रवासातही पुन्हा चाचणी होते. तीत चालक अनुत्तीर्ण झाल्यास धावते इंजिन बंद न पडता तशी नोंद होते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याने २००५ मध्ये पहिल्या अपराधापासूनच हे यंत्र सक्तीचे केले. अन्य राज्यांत पुनरावृत्ती, मद्यार्काचे अतिरिक्त प्रमाण, चाचणीस नकार असे निकष आढळतात. काही ठिकाणी खटला प्रलंबित असतानाही जामिनाची अट म्हणून ते बसवावे लागते.

मर्यादा :
दुसऱ्याने फुंकर मारणे वा दुसरे वाहन वापरणे या पळवाटा राहतातच. शिवाय हे यंत्र मुख्यतः चारचाकीसाठी वापरले जाते. ताडकळससारख्या गावांतील बहुसंख्य दुचाकीस्वारांना ते फारसे उपयोगी नाही. तेथे पोलीस तपासणी व प्रबोधन यांना पर्याय नाही.

समारोप :
भारतीय अधिनियमात न्यायालयास असे यंत्र बसविण्याचा आदेश देण्याची स्पष्ट तरतूद नाही. किमान पुन्हा दोषी ठरलेल्या प्रवासी व मालवाहू वाहनांच्या चालकांना परवाना परत देताना ही अट घालण्याचा अधिकार न्यायालयास मिळावा. दंड अपघातानंतर येतो; हे यंत्र गाडी निघण्यापूर्वीच चालकास थांबविते, हेच त्याचे खरे महत्त्व होय.