विटकरी साडीवर झंपर कोणता?

भाचीच्या साखरपुड्याला आठ दिवस उरले होते आणि तिचा एकच हट्ट होता, आजीची विटकरी इरकल नेसायची. आईला जाऊन वर्ष झाले. साडी धडधाकट होती, पण तिच्यावरचा झंपर काखेत पार विरलेला. अक्का म्हणाली, "त्यात काय, मॅचिंगच्या दुकानातून तसेच कापड आणू." आणले. दुकानात ट्यूबलाइटखाली साडी आणि कापड जुळ्या बहिणींसारखे दिसत होते. घरी अंगणात उन्हात धरले, तर साडी भाजलेल्या विटेसारखी उबदार आणि कापड काळपट, शिळ्या कालवणासारखे. भाची काही बोलली नाही. तिने साडीची घडी घातली आणि कपाटात ठेवली. ते मला फार लागले.

मैत्रिणींनो, हा रंग तसा आपल्या मातीतलाच. दुकानदार आता त्याला 'रस्ट' म्हणतात, म्हणजे लोखंडाच्या गंजाचा रंग. खानापूरकडचा जांभा दगड, घरावरची कौले, तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू, या सगळ्यांत लोखंडाचाच गंज असतो. आपण ज्याला काव म्हणतो, त्याला कन्नडमध्ये कावि म्हणतात. घराणे एक, पण रंग एक नाही. कोणता तांबड्याकडे झुकतो, कोणता पिवळ्याकडे. शिवाय सूत वेगळे, रंगवण्याची तऱ्हा वेगळी. एका उजेडात जुळलेले दोन कपडे दुसऱ्या उजेडात फारकत घेतात. म्हणून विटकरीला विटकरी शोधायच्या नादी लागू नये, आणि कोणतेही कापड दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

मग शोधायचे काय? पावसाळ्यात जांभ्याच्या गडग्यावर शेवाळ चढते, ते हिरवे-तांबडे किती शोभते! गोव्यातल्या जुन्या देवळांवरच्या कावी कामात तांबड्या थरातून खरवडून काढलेला चुन्याचा पांढरा दिसतो, तोही तसाच. मात्र साडीवर टिनोपॉलचा पांढरा नको, साईचा हवा. रंगचक्रात नारिंगीच्या समोर निळा बसतो. विटकरी म्हणजे काळोखी चढलेला नारिंगी, तेव्हा त्याला निळाही गडद लागतो, मोरपंखी किंवा शाईचा. चमकदार फिरोजी घेतला तर दोघे भांडत बसतात. विटकरी पिवळसर असेल तर हळदीचा रंग गोड दिसतो. काळा कधीच दगा देत नाही, पण साखरपुड्याला काळा म्हटल्यावर घरात कोण ऐकून घेणार? राणी रंग मला तरी यावर सोसत नाही. आजच्या मुली खुशाल घालतात, तो त्यांचा प्रश्न.

इरकलीत आणखी एक मेख आहे. अंग विटकरी असले तरी पदर तांबडा-पांढरा, टोपे-तेनीचा. पदराचे ताणे वेगळे लावून अंगाच्या ताण्यांना फासे घालून जोडतात, म्हणून पदराचा रंग अंगापेक्षा वेगळा असू शकतो. म्हणजे झंपराला विटकरीबरोबर त्या तांबड्याशीही नांदायचे असते. आम्ही नेमके हेच विसरलो होतो. अंग पाहत बसलो, पदर आणि काठ पाहिलेच नाहीत. आईच्या साडीच्या काठात मोरपंखी रंगाची एक बारीक रेघ आहे, ती मला त्या रात्री पहिल्यांदा नीट दिसली.

दुसऱ्या दिवशी अक्काने होणाऱ्या विहीणबाईंना फोन केला, मोडक्या कन्नडमध्ये. त्या हसल्या आणि मराठीत म्हणाल्या, "कुबसाचा खण पाहिजे ना? माझ्या ट्रंकेत गुळेदगुड्डचे आहेत." संध्याकाळी मुलाच्या हाती तीन खण आले. मोरपंखी ठेवून घेतला, दोन परत पाठवले. आमच्या शिंपीमामांनी कुरकुर करत तीन दिवसांत शिवून दिला. खणाचा काठ बाहीवर घ्यायला मात्र दोनदा सांगावे लागले.

साखरपुड्याच्या सकाळी भाची नेसून अंगणात आली, उन्हात उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, आता बघ."