पावसाळ्यातला फ्लू

जुलै महिना, पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयाची ओपीडी. बाकांवर बसायला जागा नाही, आणि झड आत येते म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या. तंत्रज्ञ ताई केसपेपर बघत होत्या. 38 अंश किंवा जास्त ताप, सोबत खोकला आणि दुखणं 10 दिवसांच्या आतलं, असे पेशंट त्या बाजूला काढत होत्या.

“आजोबा, मान मागे करा. जरा झोंबेल, हलू नका.”

बारीक लवचिक काडी नाकपुडीतून सरळ आत, घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेली आणि हळूच फिरवत बाहेर आली. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. काडी द्रवाच्या नळीत मोडून टाकली, झाकण घट्ट लावलं, वर नाव-तारीख लिहिली आणि नळी बर्फाच्या पेटीत ठेवली. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ती 2 ते 8 अंशांतच राहायला हवी. पुढे आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूचा प्रकार कळतो.

अशा नमुन्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींतूनच भारतातल्या फ्लूचे हंगाम कळले. श्रीनगरला तो हिवाळ्यात वाढतो, चेन्नईत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात, तर पुण्यात मुख्यतः जुलै ते सप्टेंबरमध्ये. 2009 साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला, तोही ऑगस्टमध्ये.

एरवी थंड, कोरडी हवा या विषाणूला मानवते. तिच्यात तो जास्त टिकतो, खोकल्यातले थेंब सुकून हलके होतात आणि तरंगत राहतात. 2007 साली न्यूयॉर्कमध्ये गिनीपिगांवर झालेल्या प्रयोगांत 30 अंशांवर हवेतून होणारा प्रसार थांबला होता. मात्र त्याच संशोधकांनी पुढे दाखवलं, की प्राणी एकाच पिंजऱ्यात ठेवले तर 30 अंशांतही लागण होते. ती बंद खिडक्यांची ओपीडी पाहताना हा दुसरा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटला. पावसात शाळा, एसटी, लोकल, घरं सगळीच दारं-खिडक्या लावून बसतात. पावसाळी साथीचं हे एकमेव कारण नसेल, पण आपल्या हातातलं नक्कीच आहे.

म्हणून घरातले वृद्ध, गरोदर स्त्रिया, दमा किंवा मधुमेह असलेले यांच्या फ्लूच्या लसीबद्दल मे महिन्यातच डॉक्टरांना विचारा. लसीचं संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आणि पाऊस जरा उघडला की खिडकीही उघडा.