खाऱ्या पाण्यामुळे होणारे धातूंचे क्षरण : गळाचे रीळ व वॉटर स्कूटर यांच्या संरक्षणाचा विचार

प्रस्तावना

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर गेल्या काही दशकांत मासेमारीच्या जोडीला जलक्रीडेचा व्यवसाय उभा राहिला आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग, काशीद, अलिबाग, तसेच गोव्यातील कळंगुट व बागा येथे वॉटर स्कूटर हे अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन बनले आहे. या वाहनाला सर्रास 'जेट स्की' म्हटले जाते. वस्तुतः ते कावासाकी कंपनीचे व्यापारनाम आहे. दुसरीकडे रीळ लावलेल्या आधुनिक गळाने मासे पकडण्याचा छंदही किनाऱ्यावर रुजला आहे. या दोन्ही साधनांचा समान शत्रू म्हणजे समुद्राचे पाणी.

पावसाळ्यात जलक्रीडा बंद राहतात. त्यामुळे वर्षाची कमाई साधारणतः ऑक्टोबर ते मे या महिन्यांतच करावी लागते. ऐन मे महिन्यात इंजिन जाम झाले, तर कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. दिशा बदलणारी केबल गंजून अडकली किंवा लाटांच्या पट्ट्यात इंजिन बंद पडले, तर प्रवाशाच्या जिवाला धोका उद्भवतो. म्हणून क्षरणाचा प्रश्न केवळ वस्तूच्या देखणेपणाचा नाही. प्रस्तुत लेखात क्षरणाची कारणमीमांसा व तीवर आधारित उपाय यांचा विचार केला आहे.

मीठ सुकत का नाही?

एक किलोग्रॅम समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यांपैकी क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम व सोडिअम सुमारे ११ ग्रॅम असते. असे पाणी विजेचे उत्तम वाहक असते आणि क्षरण ही मूलतः विद्युत्-रासायनिक क्रिया होय. धातूच्या पृष्ठभागावरील एका भागातून अणू इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात उतरतात. हा भाग धनाग्र होतो. दुसऱ्या भागावर ते इलेक्ट्रॉन पाण्यातील ऑक्सिजन स्वीकारतो. तो ऋणाग्र होतो. मधले पाणी जितके सुवाहक, तितकी ही क्रिया वेगवान. क्लोराइडचे कार्य आणखी घातक आहे. ॲल्युमिनिअम व स्टेनलेस स्टील यांना त्यांच्यावरील ऑक्साइडचा अतिशय पातळ थर वाचवतो. क्लोराइड आयन हा थर जागोजागी भेदतात व तेथे खोल खड्डे पडतात. 'स्टेनलेस' या शब्दावर विसंबणाऱ्यांची येथे फसगत होते. ३०४ प्रतीचे स्टील समुद्रात डागाळते व त्यात खड्डे पडतात. २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे स्टील अधिक टिकते, पण वॉशरखालच्या किंवा आट्यांमधल्या अरुंद फटीत, जेथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तेथे तेही हार खाते.

वापरानंतर वस्तू उन्हात वाळवली की काम झाले, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. मीठ हवेतील बाष्प शोषून घेते. शुद्ध सोडिअम क्लोराइड सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला स्वतःच विरघळू लागते. पावसाळ्यात घरातील मिठाला पाणी सुटते ते यामुळेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशिअम क्लोराइडही असते व ते केवळ ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढून घेते. कोकणात हवा याहून कोरडी क्वचितच होते. म्हणजेच वाळल्यासारख्या दिसणाऱ्या रिळावर प्रत्यक्षात खाऱ्या द्रावणाची अदृश्य ओल सतत टिकून असते आणि क्षरण कपाटातही चालू राहते. उपाय वाळवणे हा नसून मीठ काढून टाकणे हा आहे. मीठ निघाल्यानंतरच वाळवण्याला अर्थ प्राप्त होतो.

येथे किनाऱ्यावरची एक खरी अडचण नमूद करणे आवश्यक आहे. उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरींचे पाणी मचूळ होते आणि गोडे पाणी विकत घ्यावे लागते. अशा वेळी मचूळ पाण्याने धुण्यात काय हशील, असा प्रश्न विचारला जातो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा पर्याय नसेल तर १००० मिलिग्रॅमपर्यंत चालते. समुद्रजलात ते १९००० मिलिग्रॅमच्या घरात असते. तेव्हा मचूळ पाणीसुद्धा बहुतांश मीठ वाहून नेते. पहिली धुणावळ अशा पाण्याने करून शेवटी बादलीभर गोडे पाणी वापरणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

दोन धातूंचा सहवास

भिन्न धातू समुद्रजलात एकमेकांना चिकटून असतील, तर त्यांपैकी अधिक क्रियाशील धातू झिजतो व दुसरा वाचतो. मॅग्नेशिअम, जस्त, ॲल्युमिनिअम, साधे पोलाद, पितळ, तांबे, कांस्य, स्टेनलेस स्टील आणि शेवटी ग्रॅफाइट असा हा क्रम ढोबळमानाने सांगता येतो. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या लाकडी तळावर तांब्याचे पत्रे ठोकले, तेव्हा दोन वर्षांत त्याचे लोखंडी खिळे खाऊन गेलेले आढळले. मात्र जेथे पत्र्याला गुंडळलेला तपकिरी कागद मध्ये राहून गेला होता, तेथील खिळे शाबूत होते. पुढे सर हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये तांब्याच्या पत्र्यांना जस्त व लोखंडाचे तुकडे जोडून तांबे झिजण्यापासून वाचवता येते हे दाखवले. प्रयोग इतका यशस्वी झाला की तो अयशस्वी ठरला. तांबे विरघळेनासे झाल्यामुळे त्याचा विषारी परिणाम संपला, तळावर शंखशिंपले वाढले, जहाजे मंदावली व आरमाराने हा उपाय मागे घेतला. तथापि कागदाचा अटकाव आणि जस्ताचा बळी ही दोन्ही तत्त्वे आजही वापरात आहेत.

गळाचे रीळ

रिळाची चौकट व चाक बहुधा ॲल्युमिनिअमचे, बेअरिंग व स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आणि काही भाग पितळेचे असतात. म्हणजे वरील क्रमातील तीन-चार धातू मुठीएवढ्या जागेत नांदतात. ॲल्युमिनिअमवर धनाग्रीकरणाने जाड ऑक्साइडचा लेप दिलेला असतो, पण खडकावर आपटून ओरखडा पडला की तेथून पांढरी भुकटी फुटू लागते. विणलेल्या दोऱ्याच्या गुंडाळीत खारे पाणी साचून राहते व दोऱ्याखालचे चाक नजरेआड खाल्ले जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

धुताना रीळ बादलीत बुडवणे टाळावे. उन्हात तापलेले रीळ गार पाण्यात बुडवले की आतील हवा आकसते आणि बाहेरचे पाणी बेअरिंगपर्यंत ओढले जाते. वाहन पाण्यात उतरवणाऱ्या ट्रेलरच्या चाकांची बेअरिंग वारंवार खराब होतात, त्यामागे हेच कारण असते. जोराचा फवाराही नको. तो मीठ बाहेर काढण्याऐवजी आत दडपतो. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला असता दोरा आवरणारा ब्रेक, आधी घट्ट करावा म्हणजे त्याच्या चकत्यांमध्ये पाणी शिरत नाही. मग हलक्या धारेखाली रीळ धुऊन, झटकून, पुसावे. त्यानंतर ड्रॅग सैल करण्यास विसरू नये, अन्यथा चकत्या दबून राहतात. सावलीत वाळल्यावर बेअरिंगला तेलाचा एखादा थेंब व दातेरी चक्रांना सागरी ग्रीस पुरेसे होते. डब्ल्यूडी-४० सारख्या फवाऱ्यांचा मूळ हेतू पाणी हटवणे हा होता. ते ग्रीसला पर्याय नव्हेत. उलट आतील ग्रीस विरघळवून नेतात. ॲल्युमिनिअममध्ये बसवलेल्या स्टीलच्या स्क्रूंना ग्रीस किंवा लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतील मेण, लावून बसवले तर दोन धातूंमध्ये 'अलार्म' जहाजावरील कागदासारखाच अटकाव निर्माण होतो.

वॉटर स्कूटर : धुण्याचा क्रम

वॉटर स्कूटरच्या इंजिनाला थंड ठेवण्यासाठी अनेक प्रकारांत समुद्राचेच पाणी आतून फिरवले जाते. काही बनावटींत इंजिनाभोवती बंदिस्त शीतलक असते, परंतु तेथेही धुराड्याचा मार्ग समुद्रजलानेच थंड होतो. इंजिन बंद केल्यावर आत उरलेले पाणी उष्णतेने आटते व मीठ नळ्यांत साठते. म्हणून दिवसाच्या अखेरीस आतील मार्ग गोड्या पाण्याने धुणे हा संरक्षणाचा कणा होय.

यातील क्रम काटेकोरपणे पाळावा लागतो. वॉटर स्कूटरमध्ये प्रथम इंजिन सुरू करावे व लगेच नळ उघडावा. थांबवताना प्रथम नळ बंद करावा व मग इंजिन. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला, तर धुराड्याच्या बाजूने भरलेले पाणी उलटे सिलिंडरमध्ये शिरू शकते. पाणी दाबले जात नसल्याने पुढच्या वेळी इंजिन फिरवताच कनेक्टिंग रॉड वाकतो. होडीच्या आऊटबोर्ड मोटारीला मात्र खालच्या पाणीमुखावर रबरी कान लावून धुताना नेमका उलटा क्रम लागू होतो : आधी पाणी, मग इंजिन, कारण तिच्या पंपाचे रबरी पंखे कोरडे फिरल्यास जळतात. काही चार-स्ट्रोक आऊटबोर्डांना स्वतंत्र धुण्याचे तोंड असते व ते इंजिन बंद ठेवूनच वापरायचे असते. एकाच जेटीवर ही तिन्ही प्रकारची यंत्रे एकच मुलगा धूत असतो. तेव्हा प्रत्येक यंत्रावर त्याचा क्रम मराठीत रंगवून ठेवणे हा सर्वांत स्वस्त विमा ठरावा. धुण्याचा कालावधी त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा.

झिंक आणि खाडीचे पाणी

पाण्यात कायम राहणाऱ्या यंत्रांना जस्ताचे ठोकळे जोडलेले असतात. डेव्ही यांच्या तत्त्वानुसार ते स्वतः झिजून ॲल्युमिनिअमला वाचवतात. त्यांवर रंग लावणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. रंगवलेला ठोकळा निरुपयोगी होतो. ठोकळा न झिजणे हे चांगले लक्षण नसून त्याचा धातूशी संपर्क तुटल्याचे चिन्ह असू शकते. निम्मा झिजताच तो बदलावा. कर्ली नदीच्या मुखाशी देवबागेसारख्या ठिकाणी पाणी ऋतूप्रमाणे व भरती-ओहोटीप्रमाणे खारे-निमखारे होत राहते. कमी खाऱ्या पाण्यात जस्तावर कठीण थर चढून ते काम करेनासे होते. ॲल्युमिनिअम, जस्त व इंडिअम यांच्या मिश्रधातूचा ठोकळा खाऱ्या व निमखाऱ्या दोन्ही पाण्यांत कार्य करतो, वजनाच्या मानाने जस्ताच्या सुमारे तिप्पट विद्युत्प्रभार देतो आणि म्हणून खाडीमुखावरील व्यावसायिकांना अधिक सोयीचा आहे. याउलट तांबेयुक्त शैवालरोधी रंग ॲल्युमिनिअमच्या तळाला थेट लावल्यास तळ वेगाने खाल्ला जातो.

पावसाळ्यापूर्वी यंत्र बंद करून ठेवताना आतील पाणी पूर्ण निथळू द्यावे, सिलिंडरमध्ये संरक्षक तेल फवारावे, बॅटरी काढून घ्यावी व विजेच्या जोडांना जलरोधक ग्रीस लावावे. ताडपत्री जमिनीपर्यंत गच्च आवळली जाते, त्यामुळे आत बाष्प कोंडते. खालून हवा खेळती राहील अशी ती बांधावी आणि आसन किंचित उचलून ठेवावे.