कवंदीचा आराखडा आधी मागू नका

सिद्दी म्हटलं की मराठी माणसाला मुरूडचा जंजिरा आठवतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या रानपट्ट्यात राहणाऱ्या सिद्दींची गोष्ट मात्र निराळी. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेले. तिथून निसटून त्यांनी घाटातलं जंगल गाठलं. आज कोणी हिंदू, कोणी ख्रिस्ती, कोणी मुसलमान. घरची बोली कोकणीच्या वळणाची, मराठी-कानडी मिसळलेली. आणि अंथरुणात तिन्ही घरी सापडणारी कवंदी, आपल्या गोधडीची चुलत बहीण.

ही कवंदी 2011 मध्ये न्यूयॉर्कला, हार्लेममधल्या शॉम्बर्ग सेंटरच्या भिंतीवर लागली. कलेतिहासाचे अमेरिकी अभ्यासक हेन्री जॉन ड्रूवल यांनी सिद्दी बायकांसोबत काम करून ते प्रदर्शन उभं केलं होतं. पांघरूण भिंतीवर गेलं की ते शिवणाऱ्या बाईला लोक 'कलाकार' म्हणू लागतात. ते योग्यच आहे. पण प्रदर्शनासाठी नवं काम करायला सांगताना पहिला खडा लागतो तो इथेच: 'आधी डिझाइन दाखवा.'

कवंदीत ते दाखवता येत नाही, कारण ती शिवायची रीतच तशी आहे. पाश्चात्त्य पद्धतीत आधी तुकडे जोडून वरचा थर पुरा करतात, मग त्याखाली भरण आणि अस्तर घालून टाके मारतात. इथे जुनी सुती साडी अस्तर म्हणून जमिनीवर पसरायची आणि कडेपासून सुरुवात करायची. तुकड्याची कच्ची बाजू आत दुमडायची, तो अस्तरावर ठेवायचा आणि जाड दोऱ्याने धावदोरा घालत पुढे सरकायचं. पहिल्याच्या काठावर दुसरा थोडा चढतो, त्याच्यावर तिसरा. चारी बाजू फिरून झाल्या की आतली फेरी, मग तिच्या आतली. म्हणजे तुकडा जोडणं आणि गोधडी टाचणं ही दोन्ही कामं एकाच टाक्यात होतात. आपल्याकडेही बऱ्याच गोधड्यांचा धावदोरा कडेने आत वळतो, पण तिथे वरचं कापड बहुधा आधीच अंथरलेलं असतं.

मध्यभाग सगळ्यात शेवटी भरतो. तिथे हिरवा येणार की तांबडा, हे हातातल्या चिंध्या ठरवतात: विटलेलं लुगडं, फाटलेला परकर, शिंप्याकडची कातरणं. शेवटचा तुकडा बंद करण्याआधी काही जणी आत तांदळाचे दाणे ठेवतात. कवंदीचं पोट भरलं, असं त्या म्हणतात. ओटी भरणाऱ्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मग चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या तुकड्यांची 'फुलां' लावायची. ती नसतील तर कवंदी उघडीनागडी दिसते, असं त्यांचं मत. ख्रिस्ती घरच्या कवंदीवर कधी क्रूस येतो, मुसलमान घरच्या कवंदीवर चंद्रकोर.

प्रदर्शनाची तांत्रिक बाजू त्यामानाने सोपी आहे. मागच्या बाजूला वरच्या काठालगत कापडी नळी शिवून तीत दांडा घातला, की वजन सगळ्या रुंदीवर सारखं पडतं आणि खिळ्याने कापड फाटत नाही. रंग उडू नयेत म्हणून संग्रहालयं कापडावरचा उजेड साधारण 50 लक्सवर ठेवतात. दालनात शिरताच अंधारल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

अवघड आहे ती मागणी. भिंतीचं माप कळवणं ठीक. रंगसंगतीची फर्माईश झाली की नवं कोरं कापड विकत आणावं लागतं, ते एकसारखं कापलं जातं आणि कवंदीतला कस निघून जातो. माझ्या मते आयोजकांनी माप, मुदत आणि मोबदला एवढंच ठरवावं आणि बाकीचं शिवणारीवर सोडावं. जमलं तर एखादी कवंदी अशी टांगावी की तिची पाठही दिसेल. टाक्यांची खरी वाट तिथेच कळते.

आणि आपण बघणाऱ्यांनीही एक करावं. भिंतीवर गोधडी, वाकळ, कवंदी काहीही दिसलं की शेजारची पट्टी वाचावी. तिच्यावर नुसत्या जमातीचं किंवा संस्थेचं नाव असेल, तर ही शिवली कोणी, हे तिथल्या माणसाला विचारावं.