एव्हॉन: रुसून बसलेलं इंजिन

लोहगावचा विमानतळ पुणे शहराच्या एका टोकाला. १८ डिसेंबर १९६१ रोजी तिथून हवाई दलाची बारा कॅनबेरा बॉम्बर विमानं पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याकडे निघाली. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी दाबोळीच्या धावपट्टीवर काही मिनिटांत एकूण ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब टाकले. विमानतळाची इमारत वाचवा, असा हुकूम होता, ती वाचली. धावपट्टीही पुरती निकामी झाली नाही. पोर्तुगीजांनी खड्डे बुजवले आणि त्याच रात्री दोन प्रवासी विमानं तिथून निसटली.

कॅनबेराच्या दोन्ही पंखांत रोल्स-रॉइसचं एकेक एव्हॉन इंजिन असे. सुरू करताना त्यातलं काडतूस फुटे आणि काळ्या धुराचा लोट उठे.

आपल्या हवाई दलाला जेटची ओळख झाली ती १९४८ मध्ये, व्हँपायर विमानातल्या गॉब्लिन इंजिनामुळे. त्यात हवा एका मोठ्या फिरत्या चक्राने कडेला भिरकावून दाबली जाई. ताकद वाढवायची तर चक्र मोठं करा, म्हणजे इंजिन आणखी जाड. यातून सुटण्यासाठी रोल्स-रॉइसने १९४५ मध्ये नवा आराखडा हाती घेतला, तोच एव्हॉनचा: हवा सरळ मागे न्यायची, पात्यांच्या बारा रांगांतून टप्प्याटप्प्याने दाबत. इंजिन सडपातळ आणि रेटा ६,५०० पौंड. कागदावर सगळं झकास होतं.

१९४७ मध्ये इंजिन चाचणीला बसवलं, आणि ते रुसलं. वेग वाढवायला जावं तर पुढच्या पात्यांवरचा हवेचा प्रवाह तुटे, दाब उलटा फिरे, धडाधड आवाज होत. शिवाय पाती मोडत ती वेगळीच. या धामधुमीत स्टॅनली हूकर या बिनीच्या इंजिनिअरचं वरिष्ठांशी बिनसलं आणि तो ब्रिस्टल कंपनीत गेला. भारताच्या हे पथ्यावरच पडलं म्हणायचं: तिथे त्याच्या हाताखाली घडलेलं ऑर्फियस इंजिन पुढे आपल्या नॅट आणि मरुत विमानांत बसलं.

एव्हॉन मार्गी लागलं ते हवेच्या तोंडाशी कोन बदलणारी पाती आणि जादा हवा सोडणाऱ्या झडपा बसवून. पुढच्या आवृत्तीसाठी तर प्रतिस्पर्ध्याच्या सॅफायर इंजिनातली पात्यांची रचना घेतली. एवढ्या मोठ्या कंपनीने त्यात कमीपणा मानला नाही, हे मला विशेष वाटतं. तरी खोड पुरती गेली नव्हती. सुरुवातीच्या हंटर विमानांत उंचावर तोफा झाडल्या, की त्यांचा वायू आत शिरून इंजिन पुन्हा अडे. गोव्याच्या मोहिमेत बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं ते हंटरांनीच, बेळगावजवळच्या सांबऱ्याहून येऊन. त्यांच्याही पोटात एव्हॉनच.

कारगिल युद्धात, मे १९९९ मध्ये, टेहळणीवरच्या एका कॅनबेराच्या इंजिनावर क्षेपणास्त्र आदळलं. उरलेल्या एका एव्हॉनवर वैमानिकाने विमान सुखरूप उतरवलं. ११ मे २००७ रोजी आग्र्याला कॅनबेरा निवृत्त झालं, हवाई दलात पन्नास वर्षं काढून.