दिवाणी दाव्याची कार्यपद्धती

दिवाणी स्वरूपाचा हक्क प्रस्थापित करण्यासाठी, त्याचा भंग थांबविण्यासाठी अथवा भंगामुळे झालेल्या हानीची भरपाई मिळविण्यासाठी दिवाणी न्यायालयात दाखल करावयाच्या कारवाईस दिवाणी दावा म्हणतात. वादपत्र दाखल होण्यापासून हुकूमनाम्याची अंमलबजावणी पूर्ण होईपर्यंत वादी, प्रतिवादी व न्यायालय यांनी अनुसरावयाच्या नियमांचा समुच्चय म्हणजे या दाव्याची कार्यपद्धती होय. प्रस्तुत नोंदीत वकिलांच्या दृष्टीने महत्त्वाच्या व्यावहारिक बाबींचे विवेचन केले असून उदाहरणांसाठी मुख्यतः महाराष्ट्राच्या ईशान्य सीमेवरील गोंदिया जिल्हा घेतला आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत संघराज्याची व घटक राज्यांची न्यायालये वेगवेगळी असून संघीय न्यायालयांतील दिवाणी दाव्यांसाठी १९३८ पासून स्वतंत्र नियमावली आहे. भारतात राज्यपद्धती संघात्मक असली, तरी न्यायव्यवस्था एकात्म आहे. संसदेने केलेला कायदा असो वा राज्य विधिमंडळाने केलेला, त्यावरून उद्भवणारा सामान्य दावा त्याच दिवाणी न्यायालयात चालतो. १९३७ ते १९५० या काळात भारतात संघ न्यायालय अस्तित्वात होते. परंतु ते सामान्य दाव्यांच्या सुनावणीचे न्यायालय नव्हते. त्यामुळे भारतीय वकिलापुढील प्रश्न संघीय न्यायालय की राज्य न्यायालय असा नसून, कोणत्या स्थळाचे व कोणत्या श्रेणीचे न्यायालय, आणि मुळात दिवाणी न्यायालय की महसुली अधिकारी, असा असतो.

संहिता : भारतात दिवाणी प्रक्रियेची पहिली संहिता १८५९ मध्ये झाली. त्यानंतर १८७७ व १८८२ च्या संहिता आल्या. सध्याची संहिता १९०८ ची असून ती १ जानेवारी १९०९ पासून अंमलात आली. तिच्या मुख्य भागात कलमे व पहिल्या अनुसूचीत आदेश आणि नियम आहेत. कलमांत फेरफार करण्याचा अधिकार विधिमंडळाचा आहे. नियमांत मात्र उच्च न्यायालयास बदल करता येतो. म्हणून केवळ मूळ संहिता वाचणे पुरेसे नसते. मुंबई उच्च न्यायालयाने केलेल्या दुरुस्त्या पाहाव्या लागतात. १९७६ च्या, तसेच १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांचा मुख्य हेतू दाव्यांतील विलंब कमी करणे हा होता.

गोंदिया जिल्ह्याची पार्श्वभूमी : हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यात गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव असे आठ तालुके आहेत. उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा, तर पूर्वेस छत्तीसगढ राज्य आहे. १९५६ पर्यंत हा प्रदेश जुन्या मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. बालाघाट मात्र मध्य प्रदेशातच राहिला. परिणामी वाघ नदीच्या दोन तीरांवर आप्तसंबंध व शेतजमिनी असलेल्या कुटुंबांच्या मध्ये राज्यांची, आणि म्हणून उच्च न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रांची, सीमा आली. गोंदियाचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जाते, तर बालाघाटचे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाकडे.

येथील जमिनीच्या हक्कांस मालगुजारी पद्धतीचा इतिहास आहे. १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन अधिनियमान्वये ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारांचे हक्क संपुष्टात येऊन गावातील सामाईक जमिनी, जंगले व बहुतेक तलाव शासनाकडे निहित झाले. घरशेतीच्या जमिनी मालगुजारांकडे राहिल्या. त्यामुळे तलावाचे पाणी, बोडी, गायरान किंवा वाट यांसंबंधीच्या तंट्यात केवळ सातबारा पाहून भागत नाही. निस्तारपत्रक, वाजिब-उल-अर्ज व जुनी बंदोबस्त मिसल यांच्या प्रमाणित प्रती मिळविणे हे वकिलाचे पहिले काम ठरते.

दिवाणी न्यायालयाची अधिकारिता : संहितेच्या कलम ९ अन्वये, स्पष्टपणे अथवा ध्वनितार्थाने मनाई केलेली नसल्यास, दिवाणी स्वरूपाचा प्रत्येक दावा चालविण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयास आहे. ही मनाई कोठे आहे, हे आधी तपासावे. विदर्भासाठी कूळवहिवाटीचा १९५८ चा स्वतंत्र अधिनियम आहे. प्रतिवादीने आपण कूळ असल्याचा मुद्दा उपस्थित केल्यास तो मुद्दा त्या अधिनियमाखालील प्राधिकाऱ्याकडे निर्णयार्थ पाठवावा लागतो. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीची जमीन बिगर आदिवासीकडे गेली असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता व जमीन परत करण्याचा १९७४ चा अधिनियम यांतील तरतुदी पाहाव्या लागतात. धुऱ्यावरून शेतात जाण्याच्या वाटेचा निर्णय तहसीलदार देऊ शकतो. त्याने व्यथित झालेल्यास एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. फेरफार नोंद ही महसूल वसुलीच्या सोयीसाठी असते. ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. परंतु तिच्यामुळे मालकी उत्पन्न होत नाही अथवा नष्टही होत नाही.

स्थळाचा प्रश्न : स्थावर मालमत्तेचा दावा मालमत्ता जेथे असेल तेथे (कलम १६) आणि पैशाचा दावा प्रतिवादी जेथे राहतो वा व्यवसाय करतो, किंवा वादकारण पूर्णतः वा अंशतः जेथे उद्भवते तेथे (कलम २०) दाखल होतो. दावा सक्षम न्यायालयांपैकी सर्वांत खालच्या श्रेणीच्या न्यायालयात करावयाचा असतो (कलम १५). मालमत्ता दोन न्यायालयांच्या हद्दींत पसरलेली असेल, तर कोणत्याही एका ठिकाणी दावा करता येतो (कलम १७). उदा., एकाच वडिलांची काही शेती आमगाव तालुक्यात व काही बालाघाट जिल्ह्यात असून वाटणीचे वादकारण एकच असेल, तर एकच दावा पुरेसा होतो. मात्र २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिवनारायण विरुद्ध माणिकलाल या प्रकरणात असे स्पष्ट केले, की अनेक मालमत्तांसाठी कलम १७ चा आधार घ्यावयाचा असल्यास वादकारण एकच असले पाहिजे. त्या प्रकरणात मालमत्ता इंदूर व मुंबई येथील होत्या, वादकारणे भिन्न होती व म्हणून मुंबईच्या मालमत्तेविषयी इंदूरच्या न्यायालयास अधिकार नाही, असे ठरले.

स्थानिक अधिकारितेविषयीची हरकत पहिल्याच संधीस घ्यावी लागते (कलम २१). चुकीच्या न्यायालयात गेलेला काळ मुदतीतून वगळता येतो. पण त्यासाठी सद्भाव व तत्परता दाखवावी लागते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात दावा वर्ग करण्याचा अधिकार केवळ सर्वोच्च न्यायालयास आहे (कलम २५).

दाव्यापूर्वीची तयारी : पहिली तपासणी मुदतीची असते. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार येणे रकमेच्या बहुतेक दाव्यांस तीन वर्षे व मालकीच्या आधारे स्थावराच्या कब्जाच्या दाव्यास बारा वर्षे मुदत आहे. मुदत गेल्याची हरकत प्रतिवादीने घेतली नाही, तरीही न्यायालयास दावा फेटाळावा लागतो. जबरदस्तीने कब्जा गेला असल्यास विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत केवळ पूर्वीच्या कब्जावर दावा करता येतो. मात्र असा दावा शासनाविरुद्ध करता येत नाही. शासनाविरुद्धच्या दाव्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस आवश्यक आहे (कलम ८०); तातडीच्या प्रसंगी न्यायालयाच्या परवानगीने ती न देता दावा करता येतो. नोटिशीचा हा काळ मुदतीतून वगळला जातो. धान व तांदळाच्या व्यापारातील तंटा वाणिज्यिक स्वरूपाचा असून त्याचे मूल्य तीन लाख रुपयांहून कमी नसेल, तर २०१५ चा वाणिज्यिक न्यायालये अधिनियम लागू होतो. तातडीच्या दिलाशाची मागणी नसल्यास अशा दाव्यापूर्वी मध्यस्थीचा मार्ग अवलंबिणे बंधनकारक आहे.

वादपत्र व कैफियत : वादपत्रात महत्त्वाची तथ्ये द्यावीत, पुरावा नव्हे. शेताचे वर्णन गाव, गट क्रमांक, क्षेत्र व चतुःसीमा यांनिशी असावे. चतुःसीमा चुकल्यास मिळालेला हुकूमनामाही अंमलबजावणीच्या वेळी निरुपयोगी ठरू शकतो. एकाच वादकारणावरून मिळण्याजोगी सर्व मागणी एकाच दाव्यात करावी. सोडलेल्या मागणीसाठी पुन्हा दावा करता येत नाही (आदेश २, नियम २). कब्जा प्रतिवादीकडे असताना केवळ मालकीची घोषणा मागणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. कब्जाची मागणी न केल्यास असा दावा टिकत नाही. वाटणीच्या दाव्यात सर्व हिस्सेदार पक्षकार हवेत. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेली हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती व तीवरील सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निर्णय यांनुसार कन्येस जन्मतः सहदायादाचा हक्क असून त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही. विवाहित बहिणींना वगळून तयार केलेले वादपत्र म्हणूनच मुळात सदोष ठरते.

प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कैफियत द्यावयाची असून न्यायालय ही मर्यादा नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. सामान्य दाव्यांत हे बंधन निदेशात्मक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटले आहे. वाणिज्यिक दाव्यांत मात्र १२० दिवसांनंतर कैफियत देण्याचा हक्कच संपतो. प्रत्येक कथनाचा स्पष्ट इन्कार करावा. मोघम इन्कार कबुलीसारखा धरला जाऊ शकतो.

तात्पुरता मनाई हुकूम : प्रथमदर्शनी हक्क, सोयीचा तोल आणि भरून न येणारी हानी या तीन कसोट्यांवर तो दिला जातो (आदेश ३९). रोवणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत असा हुकूम दाव्याच्या अंतिम निकालाइतकाच परिणामकारक असतो. कारण एक हंगाम गेल्यास लहान शेतकऱ्याचे वर्षाचे धान्य जाते. एकतर्फी हुकूम मिळाल्यावर अर्ज, शपथपत्र व कागदपत्रे यांच्या प्रती प्रतिपक्षाकडे तत्काळ पाठवून तसे शपथपत्र त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करावे लागते. सोयीचे तेवढेच सांगून मिळविलेला हुकूम सत्य उघड होताच रद्द होतो. एकतर्फी हुकुमाची शक्यता दिसत असल्यास प्रतिपक्षाने आधीच सावधपत्र दाखल करावे; ते नव्वद दिवस अंमलात असते (कलम १४८ अ).

पुरावा : न्यायालय मुद्दे निश्चित करते व त्यांवरच पुरावा होतो. सरतपासणी शपथपत्राने व उलटतपासणी तोंडी होते. धुऱ्याच्या तंट्यात बहुधा भूमि अभिलेख खात्यामार्फत संयुक्त मोजणी निर्णायक ठरते. त्यासाठी आयुक्त नेमण्याचा अर्ज (आदेश २६) वेळीच करावा. आयुक्ताने जागेची स्थिती सांगावयाची असते. पक्षकारासाठी कब्जाचा पुरावा गोळा करावयाचा नसतो. परराज्यातील साक्षीदाराची साक्ष आयुक्तामार्फत घेता येते. इतर भाषांतील जुने दस्त मराठी भाषांतरासह सादर करावेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू असून इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत त्यातील कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. दाव्याच्या ओघात पक्षकार मृत्यू पावल्यास नव्वद दिवसांत वारस अभिलेखावर आणावेत. अन्यथा दावा त्या पक्षकारापुरता आपोआप संपुष्टात येतो.

तडजोड : कलम ८९ अन्वये न्यायालय तंटा मध्यस्थी, सलोखा अथवा लोकअदालतीकडे सोपवू शकते. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखा असून त्यावर अपील नसते. म्हणून त्यातील अटी, विशेषतः जमिनीचे वर्णन व कब्जा देण्याचा दिनांक, निःसंदिग्ध असाव्यात. १९८७ च्या अधिनियमानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती आदींना विनामूल्य विधिसाहाय्य मिळते. ही माहिती पक्षकारास प्रथम भेटीतच देणे हे वकिलाचे कर्तव्य समजले पाहिजे.

हुकूमनामा व अंमलबजावणी : भारतातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावरच सुरू होतात, अशा आशयाचा अभिप्राय प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये व्यक्त केला होता. तो अद्याप पुष्कळ अंशी खरा आहे. अंमलबजावणीस सामान्यतः बारा वर्षांची मुदत आहे. परंतु आज्ञार्थक मनाई हुकुमास ती तीनच वर्षे आहे. शेतसारा असलेल्या जमिनीच्या वाटणीत न्यायालय हिस्से ठरविते, पण प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकारी अथवा त्याच्या हाताखालील राजपत्रित अधिकारी करतो (कलम ५४). म्हणून हुकूमनामा होताच तो तिकडे पाठविला जाईल अशी तजवीज करावी. न्यायालयास आपल्या हद्दीबाहेरील व्यक्ती वा मालमत्ता यांविरुद्ध अंमलबजावणी करता येत नाही. ऋणको सीमेपलीकडे राहत असल्यास हुकूमनामा तेथील न्यायालयाकडे पाठवून घ्यावा लागतो (कलम ३९). शेतकऱ्याची अवजारे, नांगरटीची जनावरे व बियाणे आणि त्याचे राहते घर यांना जप्तीपासून संरक्षण आहे (कलम ६०). पैसे देण्याची ऐपत असूनही जो टाळतो, त्यालाच दिवाणी कैद होऊ शकते. केवळ दारिद्र्यासाठी कोणास तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये निर्णीत केले. अंमलबजावणीची कारवाई सहा महिन्यांत संपवावी, असा निर्देश त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आहे.

अपील : जिल्हा न्यायालयात अपिलास तीस व उच्च न्यायालयात नव्वद दिवसांची मुदत आहे. द्वितीय अपील केवळ कायद्याच्या महत्त्वपूर्ण प्रश्नावर होते (कलम १००). तथ्यांविषयीचा वाद प्रथम अपिलातच बहुधा संपतो. त्यामुळे मूळ न्यायालयात जो दस्त दाखल झाला नाही, त्याची उणीव पुढे क्वचितच भरून निघते.

कार्यपद्धती ही न्यायाची दासी मानली जाते. तिचे नियम हक्क बुडविण्यासाठी नसून दोन्ही पक्षांस समान संधी मिळावी यासाठी आहेत. तथापि नियमांकडे दुर्लक्ष झाल्याचा भार वकिलावर नव्हे, तर पक्षकारावर पडतो. दीड-दोन एकरांच्या बांधीवर निर्वाह करणाऱ्या कुटुंबास चुकलेली एक मुदत किंवा गाळलेली एक चतुःसीमा पिढीभराच्या नुकसानीस कारण होऊ शकते. कायद्याच्या ज्ञानाइतकेच अभिलेख, पंचांग व नकाशा यांकडे सतत लक्ष असणे हे म्हणूनच दिवाणी वकिलीतील यशाचे गमक होय.